हप्त्याची तारीख आणि तान्ह्याची भूक

(यवतमाळ जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मुंबईच्या फोर्ट भागात रिझर्व्ह बँकेच्या मुख्य कचेरीत दर दोन महिन्यांनी सहा जणांची एक समिती बसते. तिचे नाव पतधोरण समिती. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि ही समिती अस्तित्वात आली. तीन सभासद बँकेचे, तीन केंद्र सरकारने नेमलेले. बँकांना रिझर्व्ह बँकेकडून अल्प मुदतीचे कर्ज ज्या दराने मिळते तो रेपो दर ही समिती ठरवते. महागाई चार टक्क्यांच्या आसपास राखावी, दोन टक्के वर किंवा दोन टक्के खाली चालेल, असे तिला कायद्याने नेमून दिलेले काम आहे. समितीचा निर्णय जाहीर झाला की वर्तमानपत्रे पहिल्या पानावर छापतात, शेअर बाजार हलतो, घरकर्जवाले हप्त्यांचा हिशेब करू लागतात.

दुसरी एक बैठक केळापूर किंवा झरी-जामणी तालुक्यातील एखाद्या पोडावर, दिग्रस-पुसदकडील एखाद्या तांड्यावर भरते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस ठरल्या दिवशी मोटारसायकलवरून येतो. एका ओसरीत बायका जमतात. प्रत्येकीच्या हातात पुस्तिका आणि मोजलेले पैसे असतात. एकीचे पैसे कमी पडले तर बाकीच्यांनी ते भरून काढावेत, अशी या कर्जाची रीत आहे. कारण त्याला तारण नसते, तारण असते ते शेजारणीच्या भिडेचे. या बैठकीची बातमी कोठेही छापली जात नाही.

या दोन बैठकांच्या मध्ये एक जीव आहे. तो नुकताच जन्मला आहे, त्याला बोलता येत नाही, आणि दर दोन-तीन तासांनी त्याला भूक लागते. व्याजाच्या धोरणाचा आणि त्या भुकेचा संबंध काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. संबंध दूरान्वयाचा वाटेल. पण हिशेब मांडला की तो फार जवळचा असल्याचे दिसून येईल.

दूध म्हणजे वेळ

नवजात अर्भकाच्या आहाराबाबत शास्त्राचे म्हणणे आता निर्विवाद आहे. जन्मानंतर पहिल्या तासाच्या आत बाळाला अंगावर घ्यावे. पहिला पिवळसर चीक फेकून न देता पाजावा. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीदेखील नाही. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे वा अधिक काळ स्तनपान चालू ठेवावे. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चहाचा लहान चमचाभर दूध मावते. म्हणून त्याला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. बाळ जितके ओढते तितके दूध येते; पाजण्यात खंड पडू लागला की दूध आटू लागते. आईच्या दुधाला बाजारात भाव नाही म्हणून ते फुकट आहे असे कोणी समजू नये. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे सहाशे उष्मांक अधिक लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर दोन-तीन भाकरी, वाटीभर वरण आणि थोडे तेल. हा झाला एक खर्च. दुसरा खर्च त्याहून मोठा आहे आणि तो कोणत्याही तक्त्यात धरला जात नाही. तो खर्च वेळेचा. तान्ह्या मुलाचे अन्न म्हणजे त्याच्या आईचा वेळ होय. आई जवळ असेल तर अन्न आहे; आई दोन कोसांवरच्या वावरात असेल तर अन्नही दोन कोसांवर आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्या आकड्यांनुसार देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. पण पहिल्या तासात अंगावर पाजलेली मुले मात्र ४१.८ टक्के. सहा महिन्यांखालील ज्या मुलांना केवळ आईचेच दूध मिळत होते, त्यांचे प्रमाण ६३.७ टक्के. पहिला आकडा आणि दुसरा आकडा यांतील अंतर दवाखान्याच्या कारभाराचे आहे; तेथे परिचारिका कमी, खाटा कमी आणि शस्त्रक्रिया अधिक. तिसऱ्या आकड्याने दाखवलेली उणीव मात्र मुख्यतः घरी परतल्यावरची आहे. तेथे अज्ञान आहे, मध-गूळपाणी चाटवण्याच्या रूढी आहेत, हे खरे. परंतु सर्व दोष आईच्या अज्ञानावर टाकणे हे सोयीचे असते. कारण अज्ञानावर उपाय म्हणून भित्तिपत्रक छापले की सरकारची जबाबदारी संपते. भित्तिपत्रकावरची आई झाडाखाली स्वस्थ बसून बाळाला पाजत असते. यवतमाळातील शेतमजूर आईच्या डोक्यावर ऊन असते आणि कमरेला कापसाचा ओटा.

वेचणीचा हंगाम आणि सव्वा महिना

हा जिल्हा कापसाचा. पहिल्या वेचणीपूर्वी पऱ्हाटीला दहीभात वाहून सीतादही करण्याची रीत वऱ्हाडात आहे. ही पूजा शेतकरी कुटुंबे श्रद्धेने करतात. परंतु दिवाळीपासून संक्रांतीपलीकडे चालणारी ही वेचणी बहुतांशी बायकांच्या बोटांवर चालते आणि तिची मजुरी किलोवर मोजली जाते. किलोवर मजुरी याचा अर्थ असा की, बाळाला पाजण्यासाठी बांधावर घालवलेला प्रत्येक अर्धा तास मजुरीतून आपोआप कापला जातो. मालकाने बोलण्याचीही गरज पडत नाही, तराजूच बोलतो.

बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये अशी आपल्याकडे रूढी होती. विटाळाच्या कल्पनेवर उभी असलेली ही रूढी टाकून देण्याजोगीच आहे. पण तिच्या पोटात निदान विश्रांतीची एक हमी होती. ज्या घरी धान्य आहे त्या घरी ती पाळली गेली. ज्या घरी रोज आणून रोज खायचे, तेथे ना रूढी टिकली ना तिच्या जागी कायद्याचे संरक्षण आले.

कायद्याचा इतिहास महाराष्ट्राला भूषणावह आहे, म्हणून तो सांगितला पाहिजे. मुंबई इलाख्याच्या कायदे कौन्सिलात १९२८ साली प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला. बाळंतपणाच्या आगेमागे आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः शासनाने उचलायला हवा, ही त्यांच्या प्रतिपादनाची दिशा होती. १९२९ साली त्या विधेयकाचा कायदा झाला. पण तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता. देशव्यापी कायदा १९६१ साली झाला, २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली आणि पुढे ही तरतूद सामाजिक सुरक्षेच्या संहितेत गेली. सव्वीस आठवडे म्हणजे नेमके सहा महिने. शास्त्राने सांगितलेला काळ कायद्याने मान्य केला. पण मान्य केला तो दहा किंवा अधिक माणसे नोकरीला असणाऱ्या आस्थापनांतील स्त्रियांसाठी. आज या वावरात, उद्या त्या वावरात जाणाऱ्या बाईला आस्थापना कोठली? तिच्यासाठी २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान सहा हजार रुपयांचे वचन दिले. २०१७ पासून चालू झालेल्या मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार मिळतात, दोन हप्त्यांत. दुसरे अपत्य मुलगी असेल तरच सहा हजार. सव्वीस आठवड्यांच्या पगारासमोर हे पाच हजार ठेवून पाहावेत. दोन्ही बाळे एकाच देशाची नागरिक आहेत.

पाव टक्क्याचा अर्थ

आता व्याजाकडे वळू. मे २०२० मध्ये रेपो दर चार टक्के होता. महागाई वाढली म्हणून मे २०२२ पासून तो चढवण्यास आरंभ झाला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तो साडेसहा टक्क्यांवर गेला. दोन वर्षे तो तेथेच थांबला. फेब्रुवारी २०२५ पासून तो पायरी-पायरीने उतरवण्यात आला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सव्वापाच टक्के झाला. या चढउतारांवर विद्वानांत मोठे वाद झाले. शेतमजूर बाळंतिणीच्या दृष्टीने त्यांचा अर्थ काय?

समजा, एका बाईने घराच्या छपरासाठी आणि दवाखान्यासाठी चाळीस हजार रुपये कर्ज काढले. व्याज चोवीस टक्के, मुदत दोन वर्षे, हप्ता महिन्याचा. अशा कर्जाचे दर वीस टक्क्यांच्या पुढेच असतात, म्हणून हे उदाहरण अतिशयोक्त नाही. तिचा हप्ता सुमारे २,११५ रुपये पडतो आणि दोन वर्षांत ती जवळजवळ पावणेअकरा हजार रुपये नुसते व्याज भरते. रिझर्व्ह बँकेने पाव टक्का दर उतरवला आणि तो सगळाच्या सगळा तिच्यापर्यंत पोचला, असे क्षणभर धरू. हप्ता किती कमी होईल? पाच रुपये. २०२५ सालातील सगळी सव्वा टक्क्याची कपात तिला मिळाली असे धरले, तरी पंचवीस रुपये. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाही. कारण तिचे कर्ज ठरलेल्या दराचे असते आणि मोठ्या बँकेपासून तिच्या हातापर्यंत पैसा येताना प्रत्येक पायरीवर आपला वाटा कापून घेतला जातो. मातृवंदनेचे पाच हजार रुपये म्हणजे तिचे अडीच हप्तेसुद्धा नव्हेत.

म्हणून येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. रेपो दर कमी करा, अशी घोषणा देऊन या आईचा प्रश्न सुटत नाही. घरकर्जवाल्यासाठी व्याजाचा प्रश्न दराचा असतो. तिच्यासाठी तो प्रथम तारखेचा असतो. बाळ पंधरा दिवसांचे असताना हप्त्याची तारीख येते. आदल्या महिन्यात मजुरी नाही, कारण पोट पुढे आले होते. या महिन्यात मजुरी नाही, कारण बाळंतपण झाले. तारीख मात्र थांबत नाही. मग पर्याय तीन. गावातल्या खाजगी सावकाराकडून काढून हप्ता भरावा. डाळ-तेल कमी करून भरावा. किंवा बाळाला सासूजवळ अथवा सात वर्षांच्या थोरल्या मुलीजवळ ठेवून वेचणीला जावे. पहिल्याने कर्ज वाढते, दुसऱ्याने आईचा आहार तुटतो, तिसऱ्याने बाळाचे दूध तुटते. बहुधा तिन्ही एकदम होतात. थोरल्या मुलीची शाळा बुडते, ते आणखी वेगळेच.

मागे राहिलेल्या बाळाला काय मिळते? पाणी घातलेले गाईचे दूध, साखरेचे पाणी, किंवा हाताशी पैसे असलेच तर डब्यातली पावडर. तीही पुरवून पुरवून वापरायची म्हणून पातळ केलेली. दुधात पाणी वाढते, बाटलीत जंतू वाढतात, हगवण लागते. दूध काढून ठेवावे असा सल्ला शहरात दिला जातो. पण काढून ठेवलेले दूध साध्या तापमानात सुमारे चार तासच टिकते, आणि वैशाखात पारा चाळीसच्या पुढे जाणाऱ्या जिल्ह्यात तेवढाही भरवसा नाही. डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. ती आवश्यकच होती. १९८१ साली जागतिक आरोग्य परिषदेत या विषयीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत झाली, तेव्हा विरोधात एकटी अमेरिका होती. परंतु जाहिरात बंद केल्याने आई घरी थांबू शकत नाही. कंपनीच्या जाहिरातीइतकाच हप्त्याचा तगादाही बाळाला बाटलीकडे ढकलतो.

महागाईची बाजू

रिझर्व्ह बँकेच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि त्याला प्रामाणिकपणे उत्तर दिले पाहिजे. महागाईचा सर्वात मोठा घाव गरिबावर पडतो, म्हणून दर चढवून महागाई रोखणे हे गरिबाच्याच हिताचे, असे सांगितले जाते. यातील पहिला भाग खरा आहे. महागाईविरुद्ध १९७२ साली मुंबईच्या स्त्रिया मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढारीपणाखाली लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या काही अर्थशास्त्र शिकून उतरल्या नव्हत्या. पाजणारी आई महागाई अंगाने ओळखते.

युक्तिवादाचा दुसरा भाग मात्र तपासावा लागतो. २०२३ साली तुरीची डाळ कडाडली, तेव्हा रेपो दर साडेसहा टक्के होता. तूर महागली ती पीक कमी आले म्हणून. कापसाच्या ओळींत तूर घेणाऱ्या या जिल्ह्याला त्याचे कारण शिकवायला नको. व्याज चढवल्याने शेतात तुरीची एक शेंग अधिक लागत नाही. सधन राष्ट्रांतही हेच दिसले. २०२२ साली अमेरिकेत शिशुदुधाचा एक मोठा कारखाना बंद पडताच दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि आया गावोगाव डबे शोधत हिंडल्या. त्याच महिन्यांत तेथील मध्यवर्ती बँक व्याजाचा दर चढवत होती. त्या दराने दुधाचा एक डबा तयार झाला नाही. व्याजाच्या दराने मागणी दाबता येते. अर्भकाच्या भुकेच्या बाबतीत दाबण्याजोगे असते काय?

दर चढण्याची झळ किती दूर जाते हे तिसऱ्या जगाने एकदा पाहिले आहे. १९७९ नंतर अमेरिकेने व्याज वीस टक्क्यांच्या घरात नेले. १९८२ पासून लॅटिन अमेरिका व आफ्रिकेतील देश एकामागून एक कर्जाच्या गर्तेत सापडले. कर्ज फेडण्यासाठी दवाखाने आणि शिधा यांवरचा खर्च कापला गेला. मुलांची उपासमार करून कर्ज फेडायचे काय, हा टांझानियाच्या न्येरेरे यांनी तेव्हा जगाला विचारलेला प्रश्न होता. राष्ट्राच्या पातळीवर विचारलेला तो प्रश्न पोडावरच्या ओसरीतही तितकाच खरा आहे.

बँकेचे विसरलेले कर्तव्य

रिझर्व्ह बँकेने केवळ दर पाहावा, तिला बाळंतिणीशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. त्याने त्या बँकेचा जन्म आठवावा. १९३५ साली ती स्थापन झाली, तेव्हाच्या कायद्यातच शेती कर्जासाठी स्वतंत्र खाते ठेवण्याची तरतूद होती. १९४९ साली तिचे राष्ट्रीयीकरण झाले. तिनेच केलेल्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली आला. धनंजयराव गाडगीळ त्या समितीचे सभासद होते. ग्रामीण कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा अवघा तीन टक्के आहे, बाकी बहुतेक सावकाराचे राज्य आहे, हे त्या अहवालाने उघड केले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७२ साली विभेदी व्याजदराची योजना आली. अगदी दुर्बलांना चार टक्क्यांनी कर्ज द्यावे आणि बँकांनी आपल्या कर्जांपैकी एक टक्का त्यासाठी ठेवावा. भूमिहीन बाई चार टक्क्यांची हक्कदार आहे, हे या देशाने अर्धशतकापूर्वी मान्य केले होते.

नंतर चाक उलटे फिरले. सूक्ष्मकर्जाच्या व्याजावर २०११ साली सव्वीस टक्क्यांची मर्यादा घातली गेली होती. पुढे व्याजाचे नियंत्रण नफ्याच्या अंतरावर आले आणि एप्रिल २०२२ पासून तेही उठले. दर कंपनीने ठरवावा, घरच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्ता नसावा, एवढे बंधन उरले. निम्म्याचा हा हिशेब कर्ज देताना होतो. बाळंतपणाच्या महिन्यात मजुरी शून्य होते, तेव्हा शून्याचे निम्मे किती, हे नियम सांगत नाही. इकडे शेतकऱ्याला पीककर्ज बिनव्याजी मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते सातबाऱ्यावर मिळते, आणि मजूर बाईचा सातबारा तिच्या दोन हातांवर असतो. यवतमाळात स्त्रियांच्या नावाने उभी राहिलेली बाबाजी दाते महिला सहकारी बँक होती. २०२२ साली रिझर्व्ह बँकेने तिचा परवाना रद्द केला. परवाना रद्द होणे हा ठेवीदारांच्या रक्षणाचा उपाय असेल. पण एक संस्था मिटली की तिच्या जागी दुसरी उभी करण्याची चिंता कोणाची?

सहा महिन्यांची स्थगिती

मार्च २०२० मध्ये साथ आली, कामधंदे बंद पडले. तेव्हा रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची मुभा सर्व बँकांना व कर्जसंस्थांना दिली; प्रथम तीन महिने, मग आणखी तीन. मार्च ते ऑगस्ट, एकूण सहा महिने. या स्थगितीत व्याजावर व्याज घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. अवर्षण व महापूर यांसाठीही हप्ते लांबवण्याचे नियम बँकेजवळ आहेत. म्हणजे कर्जदाराचा दोष नसताना उत्पन्न थांबले, तर तारीखही थांबावी, हे तत्त्व बँकेने स्वीकारलेलेच आहे.

बाळंतपण ही आपत्ती नव्हे. पण मजूर स्त्रीचे उत्पन्न त्यात निश्चितपणे थांबते, आणि तिला शास्त्र सांगते सहाच महिने. मग मागणी सरळ आहे. ज्या स्त्रीच्या नावे सूक्ष्मकर्ज किंवा बचतगटाचे कर्ज आहे, तिचे हप्ते बाळंतपणानंतर सहा महिने आपोआप थांबावेत. त्या काळात व्याजावर व्याज चढू नये. आणि तिचा बोजा गटातील शेजारणींवर पडू नये. पुरावा म्हणून जन्मनोंदणीचा दाखला पुरेसा आहे. यात कर्जमाफी नाही, तिजोरीवर मोठा भार नाही. रिझर्व्ह बँकेचे एक परिपत्रक पुरे.

कोणी म्हणेल, अशाने कंपन्या तरुण स्त्रियांना कर्जच देणार नाहीत. ही शंका खोटी नाही. म्हणूनच ही मागणी एकटी करता येत नाही. चार टक्क्यांची योजना कागदावरून उठवून राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांनी अमलात आणावी. मातृवंदनेची रक्कम सव्वीस आठवड्यांच्या किमान वेतनाशी जोडावी आणि अपत्याच्या क्रमाची अट काढावी. वेचणीच्या हंगामात गावोगाव पाळणाघरे चालवावीत. रोजगार हमीच्या कामावर पाच मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई ठेवावी, असा नियम २००५ च्या कायद्यात होता. ती कल्पना नवी नाही; नवी असेल ती तिची अंमलबजावणी.

कार्यकर्त्यांचे काम निवेदनाने संपत नाही. आशा कार्यकर्ती पहिल्या बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी देते. बाळाचे वजन, ताप, पाजणे पाहते. तिच्या वहीत हप्त्याच्या तारखेचा रकाना नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील तान्ह्या मुलांची यादी करावी आणि प्रत्येक आईपुढे दोनच गोष्टी लिहाव्यात: बाळंतपणानंतर ती कितव्या दिवशी कामावर गेली, आणि त्या सुमारास कोणाचा किती हप्ता होता. शंभर गावांच्या अशा वह्या जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि अग्रणी बँकेच्या टेबलावर ठेवल्या, तर पतधोरणाच्या चर्चेत आजवर न आलेला एक आकडा त्यांना वाचावा लागेल.

मुंबईतील समिती पुढच्या दोन महिन्यांनी पुन्हा बसेल. दर चढेल, उतरेल किंवा आहे तेथेच राहील. पोडावरची बैठक मात्र त्याआधीच भरेल, आणि पंधरा दिवसांचे मूल घरी ठेवून आलेली एक बाई तेथे पैसे मोजत असेल. तिची तारीख थांबली पाहिजे, एवढेच आजचे मागणे आहे.